हळदीचा नियम

अमरावतीच्या कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवताना मी पोरांना दरवर्षी बजावतो, की नियम मॉडेलमध्ये, म्हणजे एकाच जागी ठेवा. व्ह्यूनं, म्हणजे पडद्यावरच्या पानानं, फक्त दाखवायचं, कंट्रोलरनं निरोप पोचवायचा. अकोल्याच्या एका मंगल कार्यालयाचं बुकिंग ॲप करताना मीच ते पाळलं नाही. लग्नाची तारीख घेतली की हळदीसाठी आदली संध्याकाळही अडते, हा नियम मी घाईत काउंटरच्या पानातच लिहिला. पुढे मोबाइलसाठी वेगळं पान केलं आणि तिथे तो लिहायचा राहिला. मोबाइलवरून लग्नाची तारीख घेतली, तर आदली संध्याकाळ मोकळीच राहायची.

कार्यालयाच्या मॅनेजरचा फोन आला तसा निघालो. काउंटरपाशी दोन बाप उभे होते. एकाच्या मुलीची हळद, दुसऱ्याच्या मुलाच्या वलीम्याची मेजवानी, आणि आठ दिवसांवरची संध्याकाळ एकच. दोघांच्या हातात माझ्याच ॲपची पावती. कोणी आवाज चढवला नाही, तेच जास्त टोचलं.

मी लॅपटॉप उघडला.

"काय करून राहिले तुमी?" मॅनेजरनं विचारलं.

"नियम मॉडेलमध्ये हलवतो."

चारच ओळी होत्या. लिहून मान वर केली.

वलीम्याचे वडील शांतपणे म्हणाले, "झालं? आता मले सांगा, पाहुणे कुठी बसवू?"