डब्यातली बाई आणि बाबांचा पंखा

परवा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, "तुमच्याकडे तो बोलणारा स्पीकर आहे ना? घरात खरंच उपयोग होतो का गं? आमच्या ह्यांना घ्यायचाय." मी म्हटलं, होतो की. कुणाला होतो ते त्यांनी विचारलं नाही, आणि तेवढ्यात तळमजला आला. विचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. माझ्या पोटात तसंही काही राहत नाही.

आमचे बाबा गिरणीतले. विणायच्या साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. गिरणी बंद पडली, ओरडणं चालूच राहिलं. भांडुपला आम्ही टेकडीवरच्या चाळीत होतो तेव्हा बाबांनी घरात कोणाला झापलं की खालच्या नळावरच्या बायकांना कळायचं आज कोणाचा नंबर लागला. पुढे चाळ पाडून बिल्डिंग झाली, भिंती जाड झाल्या, पण त्या आवाजाला भिंतींचं काय.

त्या आवाजाला मानही होता, तो नाकारून चालणार नाही. आमच्याकडे गणपतीची आरती झाली की घरातला कर्ता पुरुष देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. याला नोकरी लागू दे, तिची पीडा टळू दे, असं घरच्या एकेकासाठी देवाकडे मोठ्याने मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबा गाऱ्हाणं घालायचे तेव्हा शेजारच्या खोल्यांतली माणसं हातातली कामं टाकून दारात येऊन उभी राहायची. मलाही तेव्हा ते माझे बाबा आहेत याचं कौतुक वाटायचं.

उरलेलं वर्षभर तोच आवाज आईवर चालायचा. बाबांची खुर्ची हॉलमध्ये पंख्याखाली. बटणांचा बोर्ड खुर्चीपासून हातभर लांब. बाबा खुर्चीत बसायचे आणि ओरडायचे, "गो, पंखो लाव." मग आई स्वयंपाकघरातून पिठाचे हात पुसत यायची, बटण दाबायची आणि परत जायची. दहा मिनिटांत गार वाटलं की, "गो, पंखो बंद कर." परत फेरी. यायला जरा उशीर झाला की, "खंय मेलंस?" आईला नाव आहे, चांगलं आहे, पण ते बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

एकदा आईला टायफॉइड झाला होता. मी तेव्हा शाळकरी होते. आई आतल्या खोलीत गोधडीत पडलेली, हॉलमध्ये पाहुणे बसलेले, आणि तिथून बाबांची आरोळी आली. ती उठली, भिंतीला धरून आली आणि बोर्डापाशी पोचायच्या आत खाली कोसळली. बाबांनी खुर्चीतूनच तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पडाचा होता तर पंखो लावन पडाचा." आलेले पाहुणे हसले. बाबांना ते वाक्य एवढं आवडलं की पुढे कितीतरी वर्षं लग्नाकार्यात ते सांगायचे. मी लग्न केलं नाही. या दोघांचा संसार जवळून बघितल्यावर मला हौस उरली नव्हती.

तर अशा माणसाच्या गळ्यात गाठ निघाली. तंबाखू, दुसरं काय. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला खाली एक भोक, श्वास तिथून. नाक-तोंड जागच्या जागी, जीव वाचला, आवाज तेवढा गेला. घरी आणलं त्या दिवशी बाबा खुर्चीत बसले, सवयीने तोंड उघडलं आणि बाहेर काहीच आलं नाही. ओठ हलले फक्त. स्वयंपाकघरात आई कुकरची शिटी मोजत उभी होती, तिला कळलंसुद्धा नाही.

भाऊ बंगळुरूहून आला होता. हुशार आहे, कॉम्प्युटरमधला आहे, आणि अशी माणसं किती बिनडोक असू शकतात ते घरात एखादा असल्याशिवाय समजत नाही. त्याने बॅगेतून एक गोल डबा काढला. वायरमनला बोलावून बोर्डाच्या मागे काहीतरी बसवून घेतलं. म्हणाला, आता बाबांना कोणावर अवलंबून राहायला नको, नुसतं बोलायचं, पंखा लागतो, दिवा लागतो, भजन लागतं.

मी म्हटलं, "अरे, बाबांचा गळा कापलाय, गुडघे नाही."

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग म्हणाला, "आईला होईल ना यार उपयोग." आणि हात झटकून मोकळा झाला, दोन दिवसांत परत गेला.

डब्यात एक बाई बोलायची. मराठी तिला येत नव्हतं म्हणून भावाने ती हिंदीवर ठेवली. आधी तिला हाक मारायची, मग काम सांगायचं. आईची हिंदी भाजीवाल्यापुरती, पण अडचण हिंदीची नव्हतीच. आईचा आवाजच त्या डब्यापर्यंत पोचत नव्हता. इतकी वर्षं घरात एकच आवाज मोठा, त्यामुळे आई देवळात बोलल्यासारखी बोलायची. डब्यातली बाई म्हणायची, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई." आई ओशाळून तिलाच म्हणायची, "नाय गो, काय नाय, ऱ्हवांदे."

मी तिच्या मागे लागले. जोरात बोल आई, पोटातून बोल, बाबांसारखं बोल. शेवटचं ऐकून ती हसली. आणि एका रविवारी दुपारी मी हॉलमध्ये पेपर वाचत होते, बाबा खुर्चीत डोळे मिटून, डोक्यावर पंखा. स्वयंपाकघरातून आवाज आला, खणखणीत, मला आधी कोण आहे तेच कळेना. "हॉल का पंखा बंद करो." डबा म्हणाला, "ठीक है." पंखा थांबला.

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात पिठाचेच होते. थांबलेल्या पंख्याकडे बघत म्हणाली, "माझा आयकता गो तां."

एप्रिलचे दिवस होते. बाबांनी डोळे उघडले, वर पाहिलं, आईकडे पाहिलं. आई आत निघून गेली. मग बाबा उठले. आयुष्यात पहिल्यांदा पंखा लावायला उठले आणि बोर्डापुढे उभे राहिले, तर कुठलं बटण कशाचं ते त्यांना माहीत नव्हतं. एक दाबलं, ट्यूबलाइट लागली. दुसरं दाबलं, बाल्कनीतला दिवा लागला. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा माणूस. अखेर पंखा सापडला. ते खुर्चीत टेकतायत तोवर आतून परत, "हॉल का पंखा बंद करो."

हे सगळं उन्हाळाभर चाललं. मी मध्ये पडले का? नाही. मला मजा येत होती. लाज वाटायला हवी असं लोक म्हणतील. मला काही वाटली नाही.

आईला कोणी नावं ठेवू शकलं नसतं, हेही सांगते. गळ्याचं भोक ती दिवसातून चारदा साफ करायची, वर कापडाची पट्टी बदलायची, पेज गाळून द्यायची, औषध, पाणी सगळं वेळच्या वेळी. त्यांना मागायची वेळच येऊ देत नव्हती. मागितलं मात्र की मिळायचं नाही. बाबा हाक मारायला स्टीलचा ग्लास खुर्चीच्या हातावर आपटायला लागले तेव्हा तिने तो गुपचूप उचलला आणि प्लास्टिकचा ठेवला. प्लास्टिक वाजत नाही. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "हलको आसा. तेंचो हात दुखता." पंख्याचं विचारलं तर, "मीया काय केलंय? त्या डब्यान केल्यान."

पावसाळ्यात हॉस्पिटलातून फोन आला की बाबांना बोलायचं मशीन मिळेल. टॉर्चएवढं असतं, गळ्याला लावून ओठ हलवायचे, ते घुंघुं करतं आणि त्यातून शब्द उमटतात. आम्ही तिघं गेलो. बाबा तिथे बाकावर लहान पोरासारखे पुढे सरकून बसले होते. फोन आल्यापासून घरात एकच प्रश्न होता, बाबांचा आवाज परत येणार की नाही. बाबांना तो कसंही करून हवा होता. आईला नको होता. तिने तिथल्या, मशीन शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, "पयल्यासारखो आवाज येतलो?"

ती मुलगी गोड होती. म्हणाली, "पहिल्यासारखा नाही येणार काकू, पण शब्द कळतील. फक्त घरच्यांनी मनापासून ऐकायला पाहिजे. ऐकणाऱ्याला समजून घ्यायचं नसेल तर या मशीनचा काही उपयोग नाही." आईने मान डोलावली.

बाबांनी मशीनचा सराव कोणासमोर केला असेल? आमच्यासमोर नाही. डब्यासमोर. दुपारी आई जरा लवंडली की खुर्ची त्याच्याजवळ ओढायचे, गळ्याला मशीन लावायचे आणि सुरू. घुंघुं, पंखा. घुंघुं, पंखा चालू करो. आणि ती बाई तितक्याच गोड आवाजात, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई." बाबा परत म्हणायचे, ती परत माफी मागायची. एकदा त्यांनी डब्याला थोबाडीत मारावी तशी चापट मारली, तो घरंगळत टीव्हीच्या मागे गेला आणि तिथून म्हणाला, "माफ कीजिए." आतल्या खोलीत आई डोळे उघडे ठेवून पडलेली होती. ती ते सगळं ऐकत होती. दिवसेंदिवस शब्द सुधारत चालले होते आणि तेही तिला ऐकू येत होतं.

गणपती आले. दुपारी आरतीला वीसेक माणसं दाटीवाटीने उभी. आरती झाली, आणि गाऱ्हाण्याची वेळ आली तशी सगळे इकडेतिकडे बघायला लागले. धाकटे काका घसा साफ करून पुढे झाले. बाबांनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना बाजूला केलं. देवापुढे उभे राहिले, खिशातून मशीन काढलं, गळ्याला लावलं.

"बा… देवा… म्हाराजा."

चढ नाही, उतार नाही, एका पट्टीत घुंघुं करणारा आवाज. एक लहान मूल फिसकन हसलं, त्याच्या आईने त्याला दाबलं. बाबा थांबले नाहीत. "लेकरांनी… जी… वेडीवाकडी… सेवा… केली… ती… मानून घे… म्हाराजा." आधी काकांनी म्हटलं, मग सगळ्यांनी, "व्हय म्हाराजा." भावासाठी मागितलं, माझ्यासाठी मागितलं, "व्हय म्हाराजा." आईसुद्धा हात जोडून म्हणत होती, प्रत्येक वेळी, बरोबर जागच्या जागी. म्हणजे शब्दन् शब्द तिला कळत होता. आईसाठी बाबा काय मागतात इकडे माझं लक्ष होतं. त्यांनी मागितलं नाही. पूर्वीही कधी मागितलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, त्या मशीनच्या आवाजाला सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" मीच म्हणत होते.

बायका डोळे पुसत होत्या, पुरुष बाबांच्या पाठीवर थापा मारत होते. झकास झालं, आवाज आला परत, आता काय चिंता नाही. जेवणं झाली, मोदक संपले, माणसं पांगली. घरात आम्ही तिघंच राहिलो. आई देवापुढे बसून दूर्वा निवडत होती, मी उष्टी ताटं गोळा करत होते. बाबा खुर्चीत बसले, पाय पसरले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा पूर्वीसारखा दिसत होता. त्यांनी मशीन उचलून गळ्याला लावलं.

"गो. पाणी हाड."

स्पष्ट. रस्त्यावरच्या माणसालाही कळलं असतं. माझे हात ताटांवर थांबले. आईने दूर्वा खाली ठेवल्या, मान वर केली आणि बाबांच्या डोळ्यांत बघितलं. मग, ज्या माणसाशी ती जन्मात मालवणीशिवाय बोलली नव्हती त्याला, गोड, शांत, सरळ आवाजात म्हणाली, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

बाबांना वाटलं खरंच कळलं नाही. त्यांनी मशीन नीट दाबून धरलं, एकेक अक्षर सोडवून म्हणाले, "पा… णी."

"माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

तिसऱ्यांदा त्यांनी मशीन लावलं, आणि मध्येच त्यांचा हात खाली आला. तेव्हा त्यांना समजलं असावं. ते माझ्याकडे बघायला लागले. माझी जीभ बाबांवर गेलीय, सगळे म्हणतात, एरवी मी गप्प बसत नाही. मी ताटं उचलली आणि एकावर एक रचत बसले.

बाबा खुर्चीचे हात धरून उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आतून कपाटाची दारं उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज यायला लागले. पिठाचा डबा, मग डाळीचा, मग बहुतेक ओट्याखालचं कपाट. आई दूर्वा निवडत राहिली. ग्लास कुठे असतात ते आम्ही दोघींनीही त्यांना सांगितलं नाही.