वाईट संगतीचा रकाना

वामनराव अमरावतीला परिवीक्षा अधिकारी. गुन्ह्यात सापडलेल्या पोराच्या घरी जायचं, चौकशी करायची अन् बाल न्याय मंडळापुढं अहवाल ठेवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीला दोन महिने उरले होते. अहवालात ‘गुन्ह्याचं कारण’ असा एक रकाना असतो. तिथं ते तीस वर्षं एकच लिहीत आले, वाईट संगत. हात असा बसला होता की त्या दोन शब्दांना चष्मासुद्धा लागत नसे.

विद्यापीठातली अनुपमा अशा पोरांच्या मनावर संशोधन करत होती. परवानगी काढून, नावं झाकलेले जुने अहवाल वाचायची. एक दिवस दोन कागद घेऊन आली.

“काका, एकाच चोरीतली ही दोन पोरं. याला त्यानं बिघडवलं म्हणता, अन् त्याला यानं. मग सुरुवात कोणी केली?”

“मले काय माहीत? ज्याच्या त्याच्या मायनं सांगतलं ते लिवलं,” वामनराव हसले. पण समोरचा चहा तसाच निवून गेला.

कारण टेबलावर धर्मपालचा अहवाल तयार पडला होता. मोर्शीचा सोळा वर्षांचा पोरगा, बाजारातली मोटारसायकल घेऊन पळालेला, सध्या निरीक्षणगृहात. संगत वाईट, घरी सोडू नये, असं लिहून झालं होतं. त्याच्या घरी मात्र वामनराव गेलेच नव्हते. गुडघ्यांचं निमित्त करून फोनवर भागवलं होतं. सोमवारी मंडळापुढं तारीख होती.

दुसऱ्या दिवशी तेच गुडघे घेऊन त्यांनी मोर्शीची एसटी धरली. धर्मपालची आई माणिकबाई वावरात वांगी तोडत होती.

“पोरगा कोणासंग राह्यते?”

“कोणासंगच नाही, साहेब. याचा मोठा भाऊ कुंदन अकोल्याले कामाले गेला, तवापासून कोणाशी बोलतच नाही. थे गाडी बी अकोल्याच्याच रस्त्यावर सापडली ना. तुमाले पोलिसानं सांगतलं नाही?”

सांगितलं होतं. पोरगा तिकडंच काहून निघाला, ते वामनरावांनी विचारलं नव्हतं.

सोमवारच्या अहवालात रकाना पुरला नाही, मजकूर कागदाच्या मागं गेला. मंडळानं धर्मपालला घरी सोडलं. दर शनिवारी वामनरावांकडे यायचं, एवढी अट घातली.

बाहेर पोरगा पुटपुटला, “येऊन करू काय?”

“बसजो. रिटायर झालो तरी घरी येजो. मले तरी कोण आहे बोलाले?”

“म्हंजे तुमची संगत?”

“हो. वाईट निघाली तर रकाना आहेच.”