पिंजाऱ्याच्या समीनाचं दुसरं पान

नांदुऱ्यात अन्वर पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान आहे. पुढं रंगीत खोळी टांगलेल्या, मागं कापूस पिंजायचं यंत्र, मधल्या भिंतीत खिडकी. गिऱ्हाईक पुढंच थांबतं; गादी केवढी हवी, तेवढंच खिडकीतून मागं जातं. त्याची समीना तिथंच बसून वेबसाइटी बनवते. तिचं लग्न लांबलं म्हणून आमच्या गल्लीनं इतकी काळजी केली, की गल्लीचीच तब्येत उतरली.

बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी खाते, हे सगळ्यांनी आदल्या हंगामात भोगलं होतं. म्हणून मोताळ्याकडच्या शेतकरी गटानं वावरात सापळे लावले. सापळ्यात अळीचे किती पतंग पडले ते मोबाइलवर भरायचं. आकडा वाढला की गावाला इशारा. हे समीनानं बनवलं, बापाच्या दुकानाच्याच रीतीनं. दिसणारं पान पुढं, आकडे तपासणारं काम मागं, मध्ये ठरलेली खिडकी.

गटाचे अध्यक्ष किसनराव. वाढदिवस आला की त्यांच्या अंगात फ्लेक्स संचारतो.

"समीना, पयल्या पानावर माहा फोटू लाव. खाली कार्यकर्त्याइचे बी."

"काका, पान जड होईन. खेड्यात नेटवर्क कुठी हाय?"

"चौकात एवढा फ्लेक्स मावते, मोबाइलात काऊन नाही मावत?"

फोटो लागले. दुसऱ्याच सकाळी मागच्या हिशेबात कितीतरी गावं धोक्यात निघाली, किसनरावांचंही. पण खेड्यात पान उघडेना. त्यांचा फेटा दिसायचा, मग नुसतं चक्र फिरायचं. अळी एकदा बोंडात शिरली की औषध पोचत नाही. इशारा त्याच दिवशी जायला हवा होता.

किसनराव धापा टाकत दुकानात आले. "बाई, सारं पुसून नवं बनव!"

"पुसू काऊन? मांगचं ठणठणीत हाय. फोटू तेवढे काढते."

"फोटू नको काढू वं! कार्यकर्ते रुसतीन."

"मंग राहू द्या. त्याच खिडकीले दुसरं पान लावते."

लावलं. गावाचं नाव अन् इशारा, एवढंच. दुपारी जोहरच्या नमाजाआधी ते गावोगाव उघडलं, पार जुनाट मोबाइलवरसुद्धा. अन्वर मशिदीकडं निघाला तेव्हा त्याची छाती दाराबाहेर आधी पोचली. माझीही; आमच्या गल्लीची पोरगी आहे!

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एसटीनं मोताळ्याकडं गेलो. किसनराव धोतर खोचून वावरात अळी लागलेली, न उमललेली फुलं तोडत होते.

"अध्यक्ष, कोणतं पान उघडलं होतं?"

"पोरीचं," ते हळूच म्हणाले. "वेळेवर समजलं, वावर हाती राह्यलं. पन तू गावभर सांगू नको बे."

अशी बातमी पोटात ठेवणं या वयात मला झेपत नाही.