मशीनला फुटलेली बोटं

समोर जांभळा मखमली पडदा. पडद्यापुढं स्टीलचं चकचकीत भाकरी मशीन, गळ्यात झेंडूची माळ घातलेलं. वर पिवळे दिवे, आणि बाजूला माईक धरून उभी राहिलेली अर्पिता, गाळ्यावर बोलायला ठेवलेली मुलगी. धाराशिवला भरलेल्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या प्रदर्शनातला हा सव्वीस नंबरचा गाळा. सकाळी दहाला लोक आत यायचे, अर्पिता बटण दाबायची, मशीन घरघरायचं आणि पट्ट्यावरून पापडासारख्या पातळ कडक भाकऱ्या एकामागून एक पुढं सरकत यायच्या. टाळ्या पडायच्या.

त्या टाळ्या पडद्यामागं स्पष्ट ऐकू यायच्या. तिथं दोन शेगड्यांच्या मधे, पत्र्याच्या धगीत, मुरुमची शांतम्मा बसलेली असायची. भाकऱ्या तिच्या होत्या. पडद्याला खालून एक फट ठेवली होती. भाकरी भाजून कडक झाली की त्या फटीतून पट्ट्यावर सोडायची. सकाळी आठ ते रात्री नऊ. जेवण मांडीवर, तेही आलं तर.

बावीस वर्षं शांतम्मा कडक भाकरी करत होती. तिची भाकरी महिनाभर टिकायची, उमरग्याच्या दुकानदारांकडं तिचा डबा ठरलेला. पण दुकानात गेल्यावर ती भाकरी ‘मुरुमची’ व्हायची. शांतम्माची कुणी म्हणत नसे. म्हणून मशीन बनवणारा रणधीर घरी आला आणि म्हणाला, “मावशी, चार दिवस गाळ्यावर पुढं बसा. हाताची भाकरी तुमची, शेजारी मशीनची. लोकांना दोन्ही बघू द्या. तुमच्या नावाची मोठी पाटी लावतो,” तेव्हा ती लगेच हो म्हणाली. नवरा कल्याणप्पा एसटीत बसवून देताना म्हणाला होता, “पाटीचा फोटो धाड. चौकात दावतो समद्यास्नी.”

पाटी खरंच लागली होती. दोन तास.

पहिल्याच सकाळी मशीनमधून भाकरीऐवजी तुकडे पडायला लागले. शांतम्मानं चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघितलं. “साहेब, ह्या पिठाची विरी गेलीया. चिकटपणाच ऱ्हायला न्हाय. दळून महिना झाला आसंल. थंड पाण्यात न्हाय जमायचं, उकळतं आधण वता.”

“मावशी, मशीन थंड पाण्यावर सेट केलंय. आता कसं बदलू?”

रणधीर काही चोर नव्हता. दोन वर्षं स्वतः वेल्डिंग करून त्यानं ते मशीन उभं केलं होतं, आणि आता चारचौघांत ते तुकडे ओकत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं शांतम्मानं पाहिलं. “आजचा दिवस तेवढं आत बसा,” तो म्हणाला, आणि ती बसली. तिची कापडी पाटी घडी घालून शेगडीच्या आडोशाला गेली.

पण आजचा उद्या झाला, उद्याचा परवा. त्याच मेलेल्या पिठाची उकड काढून ती दिवसाला दोनशे भाकऱ्या थापत होती. तळहात भाजले, पाय सुजले. आणि बाहेर अर्पिता म्हणत होती, “बघा, मानवी हाताचा स्पर्शसुद्धा नाही!” दर वेळी हे वाक्य आलं की शांतम्माची थाप जोरात पडायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी कल्याणप्पाचा फोन आला. “अगं, फोटो कुठाय?”

“पडद्याचा धाडू का?” असं म्हणून तिनं फोन आपटला.

त्याच वेळी बाहेर एक खणखणीत आवाज आला. तेरच्या धुरपदाबाई आल्या होत्या. त्यांच्या अकरा जणींच्या बचतगटानं मशीन घ्यायचा ठराव करून त्यांना पाठवलं होतं. त्यांनी पट्ट्यावरची भाकरी उचलली, दिव्याकडं धरली, कडेवरून अंगठा फिरवला.

“काय गं पोरी, मशीनला बोटं फुटली व्हय?”

“काय म्हणालात मॅडम?”

“ह्या कडंला बोटं उठल्यात की. एक, दोन, तीन, चार.”

अर्पिता अडखळली. मग तिनं माईक सावरला. “ते ना मॅडम, पारंपरिक डिझाईन आहे.”

डिझाईन! बावीस वर्षांची बोटं, आणि डिझाईन! शांतम्मानं हातातला गोळा परातीत आपटला. मशीन चालूच होतं, पण पट्टा रिकामा फिरायला लागला. पडदा तिनं बाजूला सारला नाही, ओढला. वरच्या कड्या तटातट तुटल्या. पिठानं माखलेले हात, विस्कटलेला अंबाडा, घामानं भिजलेला पदर, अशी ती दिव्याखाली येऊन उभी राहिली.

“मावशी, आत व्हा,” रणधीर धावत आला. “पाया पडतो तुमच्या.”

“तीन दीस आतच हाय की! माझ्या हातची भाकरी लोखंडाच्या नावावर इकायला लाज न्हाय वाटत? आन ह्या बायांनी मशीन नेऊन काय करायचं? तुकडं मोडत बसायचं?”

“फक्त पिठाचा दोष आहे, मावशी, तुम्हीच म्हणालात...”

“म्हनले ना? मग ऐकलंस का?” आजवर साहेब म्हणणारी शांतम्मा अरेतुरेवर आली होती.

धुरपदाबाईंनी मशीनचं बटण स्वतःच बंद केलं. मग शांतम्माकडं वळून म्हणाल्या, “ताई, नाव काय तुमचं?”

“शांतम्मा. मुरुमची.”

“शांतम्मा, आमी अकरा जणी हाओत. तुमीच सांगा, ह्ये न्यावं का नको?”

“धुरपदाबाई, त्याचं असं आहे...” रणधीर मधेच म्हणाला.

शांतम्मानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“तू गप. मला इचारलंय. मी सांगती.”