पांढरे नाकतोडे, काळं वावर

फसवणाऱ्याचा राग येतोच. पण अक्काला जे एका नाकतोड्यावरून कळलं ते मला कळलं नाही, त्याचा राग मोठा आहे आणि तो अजून गेलेला नाही.

गावोगाव फिरून शेतकऱ्याच्या घरातून कापूस घेणं हा माझा धंदा. सुरुवात धुळ्याच्या बाजारात गठ्ठे उचलण्यापासून केली. भावाचं बोलण्याआधी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, ही माझी पद्धत. वरचा थर कोणीही पांढराशुभ्र ठेवतो. आत ओला माल हाताला लागला की चारचौघांत त्या शेतकऱ्याची उतरवायची आणि पुन्हा त्या दारात पाय ठेवायचा नाही.

शिंदखेड्याकडच्या एका म्हाताऱ्याचा कापूस मी बारा वर्षं घेतला. नाना म्हणायचो त्याला. त्याचा माल हाताला कधी खोटा लागला नाही. पोळ्याच्या सुमारास त्याने वावर विकायला काढलं, तेव्हा मी आयुष्याची कमाई घेऊन गेलो. हमालाला स्वतःचं वावर हवं होतं, बाकी काही नाही. मोठ्या बहिणीला, अक्काला, सोबत नेलं. तिचं अर्धं आयुष्य शेळ्यांमागे रानात गेलेलं.

वावर काळंभोर. पेरलेलं नव्हतं. "तुम्हाला मोकळं दिसावं म्हणून यंदा पेरलंच नाही, शेठ," नाना म्हणाला. मी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट नव्हती. लगेच भावाला भिडलो आणि म्हाताऱ्याला खाली आणत राहिलो. तो हळहळत खाली येत गेला. मी खूश.

अक्का मात्र वाकून पायाखालून उडणारे नाकतोडे बघत होती. सगळे पांढरे. "हाई माती काळी शे, अन् नाकतोडा बठ्ठा पांढरा. आसं कसं रे भाऊ?"

"अक्का, मी वावर ली राहिनू, नाकतोडा नही!"

नाना माझ्याहून मोठ्याने हसला.

पहिल्याच नांगरटीला खालचं पांढरं वर आलं. चुनखडीची जमीन. उन्हाळ्यात तलावातला गाळ आणून चार-पाच बोटं पसरला होता, एवढंच. पेरलेला हरभरा वीतभर वाढला आणि पिवळा पडला. शेजारच्या वावरवाल्यांनी ट्रॅक्टर येताना पाहिले होते. एकाने तोंड उघडलं नाही.

अक्काला विचारलं, तुला काय दिसलं होतं? ती म्हणाली, चुनखडीच्या माळावर नाकतोडे पांढुरके असतात आणि काळ्या रानात काळपट. मी म्हणालो, रंग बदलत असतील. तिने मला वेड्यात काढलं. पिलं सगळ्या रंगांची निघतात, म्हणाली. उठून दिसतं ते बगळा टिपतो, कोतवाल पक्षी उचलतो. जे दिसत नाही ते जगतं, तेच अंडी घालतं. पुढच्या साली त्याच्या रंगाची जास्त. असं वर्षानुवर्षं चालतं, तेव्हा अख्खा माळ एका रंगाचा होतो. गाळ एका उन्हाळ्यात पडतो. नाकतोड्यांना तेवढ्यात काळं होता येत नाही.

त्या दिवशी मी जेवलो नाही. मला नाकतोड्यांपेक्षा माझा हात दिसत होता. वीस वर्षं मी तेच केलं होतं, जे बगळा करतो. हाताला सापडले त्यांना टिपून काढलं. मग मला माल देणारे उरले कोण? काही खरे, आणि काही कोपराच्या खाली लपवणारे. नाना त्यातला, बारा वर्षांचा मुरलेला. नाकतोडा बिचारा काही ठरवून पांढरा होत नाही. या माणसाने पैसे देऊन ट्रॅक्टर लावले होते.

नंतर तो मला चहाच्या टपरीवर भेटला. मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं. त्याने बशीतला चहा संपवला. "शेठ, कापसात हात घालता. मातीत का नाही घातला?"

मी शिव्या दिल्या.

गेल्या महिन्यात फैजपूरकडचा एक जण वावर बघायला आला. दलालाने आधीच कानात सांगितलं होतं, पुन्हा गाळ टाका, वावर विकलं जाईल. मी ट्रॅक्टरवाल्याला फोनही लावला होता. त्याने उचलायच्या आत ठेवून दिला. गिऱ्हाईक आल्यावर कुदळ त्याच्या हातात दिली आणि ओरडलो, "खण! कोपराएवढं खण, मग भाव बोल!" त्याने खणलं, पांढरं बघितलं, आणि गेला.

वावर अजून माझ्याच गळ्यात आहे. गाळ बराचसा पावसाने वाहून गेला. बांधावरून चालताना नाकतोडे आता दिसत नाहीत. पाय पडायच्या आत पांढऱ्या मातीतून उडतात.