‘काहून’ ऐवजी ‘का’
चूक माझीच होती. हळद शिजल्याचा वास आला की ती अजून बोचते. ऐन हळदीच्या हंगामात वसमतला भरलेल्या बहुभाषी नाट्यमहोत्सवात मी बसवलेलं आमचं नवं नाटक मराठी आणि दखनी उर्दूत होतं. नाटकातल्या आईचं काम शिरड शहापूरच्या, शेळ्या राखणाऱ्या एका बाईंकडे होतं. पडदा उघडण्याआधी मी त्यांना बजावलं, ‘काहून गेलतास नको, का गेलास म्हणा. परीक्षक हसतील.’ परतलेला मुलगा दारात उभा राहिला आणि बाईंचे ओठ नुसतेच थरथरले. विंगेतून मी वाक्य पुटपुटत राहिलो. समोर त्यांचं गाव बसलं होतं. कुणीतरी म्हणालं, ‘इसरली की हो ही.’ पडदा पाडावा लागला. बाई मला एवढंच म्हणाल्या, ‘इसरले न्हाई सर. तुमचं वाक्य तोंडात बसंना.’ गाव मात्र त्यांना ‘इसरभोळी’च म्हणत राहिलं. परवा त्यांच्या गावच्या पारावर, सगळ्यांसमोर मी हात जोडले, ‘बाई, तुम्ही विसरला नव्हतात. तुमचं बोलणं मीच अडवलं. मला माफ करा.’