कापसात बांधलेला कॉम्प्युटर

जळगावला निघते आहे म्हटल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न आला, "येताना केळी आणणार ना?" पुण्यात नांदायला आल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचं उत्तर झोपेतही देईन. "केळीही आणीन," मी म्हटलं, "पण चालले आहे कॉम्प्युटरवाल्यांच्या भरीत पार्टीला." त्यावर सगळी टेबलं हसली. "जळगावात कॉम्प्युटर? घड मोजायला का?" माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सासरी-माहेरी दोन्हीकडे मान्य आहे. मी सुट्टीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर जरा जोरातच ठेवला आणि बाहेर पडले.

आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर काचेच्या थंडगार खोलीत राहतो. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. यंत्र बंद पडलं तर झाकणाला बोटही लावायचं नाही. मुंबईहून इंजिनिअर येईपर्यंत आम्ही शेंगदाणे खात बसायचं. नव्वद साल उलटलं तरी यात फरक पडलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

सकाळी जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. मालधक्क्यावर केळीचे घड वॅगनींत चढत होते. अरुणदादा मफलर गुंडाळून उभा होता. हा माझा थोरला भाऊ. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जळगावच्या संगणक मंडळाचा संसार. मंडळात दोन प्राध्यापक, एक बँकेतला कारकून, एक औषधविक्रेता आणि अधूनमधून फुकट चहाला येणारे पुष्कळ. सगळ्यांनी वर्गणी काढून एकच कॉम्प्युटर घेतला आहे. विहिरीच्या पाण्याची भावकीत पाळी असते, तशी त्याच्यावर बसायची पाळी. ज्याची पाळी चुकली तो आठवडाभर फुरंगटून बसतो.

दुकानाबाहेर एक फळा आहे. मंडळाचं वर्तमानपत्र म्हणा ना. दादा रोज सकाळी त्यावर खडूने बातम्या लिहितो. मी गेले त्या दिवशी तिथे होतं: "पाचोऱ्यात एका मित्राकडे प्रिंटर आला. पाहायला जाणाऱ्यांनी रविवारी पॅसेंजरला जमावे." त्याखाली: "अमळनेरच्या सभासदाची फ्लॉपी बुरसली. मंडळींनी फ्लॉपी लोणच्याच्या फडताळात ठेवू नये." एसटीची वाट बघणारी माणसं हे वाचत उभी असतात. फ्लॉपी म्हणजे काय हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नसेल, पण पाचोऱ्यात प्रिंटर आला हे साऱ्या रस्त्याला ठाऊक होतं. मला माझ्या गावाचं तिथेच भरभरून कौतुक वाटलं.

या वेळची पार्टी धुळ्याकडे होती. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडची कॉम्प्युटरवाली मंडळी प्रथमच एकत्र येणार होती. हिवाळ्यात शेतात भरीत करून खाल्ल्याशिवाय खानदेशी माणसाची कुठलीच ओळख पक्की होत नाही, तेव्हा सभागृह वगैरे भानगडी कुणाच्या मनातही आल्या नव्हत्या. मात्र दादाने मला हळूच खरी गोष्ट सांगितली.

"भरीत निमित्त आहे. काम संध्याचं आहे."

संध्या म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. धुळ्यात दिली. पिठाच्या गिरणीमागे एक खोली घेऊन ती मुलांना कॉम्प्युटर शिकवते. गिरणीवाल्याला आता खोली परत हवी होती, आणि विजेच्या झटक्याने तिच्या कॉम्प्युटरचा पडदाही गेला होता; तो दादाच्या दुकानात दुरुस्तीला आला होता. साक्री रस्त्यावरच्या एका गावातले नाना पाटील तिला समाजमंदिराची खोली देऊ शकत होते. त्या गावात दहावी झालेल्या कितीतरी मुली घरी बसून होत्या. रोज एसटीने धुळ्याला पाठवायला घरचे तयार नव्हते. खोली मिळाली तर वर्गही वाचेल आणि मुलीही शिकतील. नानांनी एकच अट घातली होती: आधी यंत्र दाखव, आणि ते मराठीत लिहू दे. संध्याने चौकटीच्या कागदावर ठिपके मांडून एकेक अक्षर स्वतः रचलं होतं. जेवणं झाली की गावकऱ्यांसमोर ते पडद्यावर आणायचं आणि नानांनी काय ते सांगायचं. त्यासाठीच मंडळाचा कॉम्प्युटर जळगावहून धुळ्याला निघाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे बांधाबांध सुरू झाली. पुण्यात यंत्रं थर्माकोलमध्ये येतात. दादाने शेजारच्या जिनातून (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातून) दोन पोती पिंजलेला कापूस आणवला होता. मोठ्या खोक्यात आधी कापसाची गादी, मग यंत्र, मग चारही बाजूंनी कापूस खचाखच. वर गोधडी. "रस्त्यात खड्डे आहेत," दादा म्हणाला, "पण ह्याला कळणारसुद्धा नाही." आमच्याकडे काचेच्या बरणीपासून बाळंतिणीच्या बाळापर्यंत सगळं कापसातच जपतात. मलाही ते इतकं योग्य वाटलं की मी कौतुकाने फोटो काढला.

जीप एरंडोल ओलांडून पारोळ्याला चहासाठी थांबली. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस, मधूनच तुरीचे पट्टे, आणि धूळ म्हणाल तर तोंड उघडायची सोय नाही. टपरीवरच्या एका म्हाताऱ्या आबांनी जीपमध्ये डोकावून पाहिलं.

"हाई काय शे?" (हे काय आहे?)

"कॉम्प्युटर, आबा."

"आजारी शे का?"

"नाही हो. का?"

"मंग गोधडीमा कसाले गुंडाळं?" (मग गोधडीत कशाला गुंडाळलं?)

दादाने त्यांना खड्ड्यांची कथा सांगितली. आबांनी समजून मान डोलावली आणि "सावकाश जा" म्हणाले.

धुळे ओलांडून साक्री रस्त्याला लागलो आणि दुपार व्हायच्या आत शेतावर पोचलो. धूर लांबूनच दिसत होता. पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) जाळावर हिरवी, लांबट वांगी भाजत होती. भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत (भरीत ठेचायच्या खोलगट भांड्यात) टाकत होते आणि दोघे गडी ती ठेचत होते. वरून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात आखडता न घेता तेल. सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची). पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. थोडं मिरचीमुळे, बाकीचं माझं मला माहीत.

पंगतीत बातम्यांची देवाणघेवाण चालली होती. धुळ्याच्या एकाने सांगितलं की त्याने शाळेचं वेळापत्रक कॉम्प्युटरवर केलं आणि एका मास्तरांना एकाच तासाला दोन वर्गांवर पाठवलं. जळगावच्या कारकुनाने नवी, अंगठ्याच्या नखाएवढी फ्लॉपी आल्याची थाप मारली आणि ती चक्क खपली. संध्या मात्र जेवत नव्हती. भाकरीचा एकच तुकडा घेऊन ती मोटारीच्या खोलीकडे (विहिरीच्या पंपाच्या खोलीकडे) बघत होती, कारण वीज तिथून यायची होती.

"नाना आलेत," ती म्हणाली. "आज जर नाही म्हणाले ना, शोभा, तर मी वर्ग बंद करणार. आता दुसरीकडे खोली शोधायचं बळ नाही."

नाना पांढऱ्या धोतर-टोपीतले उंच गृहस्थ. त्यांनी आधीच हुकूम दिला होता की आज कुणी मोटार चालू करायची नाही, पिकाला पाणी उद्या. गावकरी गोल करून बसले. मागे बायका, आणि त्यांच्याही मागे त्या दहावी झालेल्या मुली, ओढणी तोंडाशी धरून.

दादाने खोकं उघडलं, यंत्र टेबलावर ठेवलं, अंगावरचा कापूस झटकला आणि बटण दाबलं. पंखा घरघरला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, इंग्रजीतली. संध्याने फ्लॉपी सरकवली. आतून करकर आवाज आला आणि पडद्यावर चूक दाखवणारी ओळ उमटली. तिने फ्लॉपी काढली तर तिच्या कडेला कापसाचे तंतू लोंबत होते. पुन्हा घातली, पुन्हा तेच. पंख्याच्या जाळीतूनही पांढरे धागे बाहेर डोकावायला लागले.

दादाचा चेहरा पाहवेना. यंत्राभोवती एखादी चादर तरी गुंडाळायची, ते आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कापूस म्हणजे जपणं, एवढंच आम्हाला जन्मापासून माहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "कापूस खाई गयं यंत्र!" आणि सगळा गोल खदखदून हसला. नाना हसले नाहीत. ते उठायच्या बेतात दिसले.

माझ्या मनात आलं, संपलं. आता मुंबईचा इंजिनिअर.

पण संध्याने पदर खोचला. "दादा, पेचकस द्या," ती म्हणाली आणि वीज बंद करून झाकणाचे स्क्रू काढायला लागली. झाकण निघालं. आत जिकडेतिकडे कापूस. तिने मान वर करून मागे हाक मारली.

"पोरींनो, पुढे या. वेचणी करायची आहे."

मुली हलेनात. एकमेकींना कोपर मारत होत्या. एकीची आई म्हणाली, "नको वं बाई, बिघडी जाई." (नको गं बाई, बिघडेल.)

"बिघडलेलंच आहे," संध्या म्हणाली. "आता तुम्हीच नीट करायचं."

आधी एक पुढे आली, मग चार, मग सगळ्याच. संध्याने प्रत्येकीला आधी यंत्राच्या लोखंडी सांगाड्याला हात लावायला लावला. अंगातली वीज उतरते, ती म्हणाली. मुलींनी उंबऱ्याला लावावा तसा गंभीरपणे हात लावला. मग बोटं आत गेली. बोंडातून कापूस काढताना जसा काटा चुकवतात, तशी त्यांची बोटं तारांच्या मधून जात होती. आणि संध्या बोलायला लागली.

"तू जिथे वेचते आहेस ना, तो पंखा. यंत्र तापू नये म्हणून. हां, त्या हिरव्या पट्टीला जोर लावू नको, तिच्यात यंत्राची आठवण असते. वीज गेली की सगळं विसरतं."

"मंग फ्लॉपी कसाले?" एकीने विचारलं.

"विसरू नये म्हणून."

"म्हंजे वही," दुसरी म्हणाली.

"वहीच. आणि ही फट, वही उघडायची जागा. इथे चिमट्याने काढ, हळू."

मी बघत राहिले. प्रश्नांवर प्रश्न येत होते, मुलींच्या ओढण्या केव्हाच खांद्यावरून मागे गेल्या होत्या. आयाही वाकून बघायला लागल्या होत्या. काचेच्या खोलीबाहेर चपला काढून मी इतकी वर्षं ज्या यंत्रापुढे बसते, त्याचं पोट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खानदेशच्या शेतात, भरिताच्या वासात. मला अभिमान वाटला, आणि तो लपवायचं काही कारणही दिसत नाही.

शेवटी दादाने ब्रश फिरवला, फुंकर मारली, झाकण लावलं. संध्याने बटण दाबलं आणि फ्लॉपी सरकवली. करकर झाली नाही. पडदा काळा झाला आणि मग एकेक ठिपका जुळत अक्षरं आली: गावाचं नाव, आणि त्याखाली, "राम राम, नाना."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे आधी ते वाचण्यात गुंतले होते. मग एकदम गलका झाला. संध्या नानांकडे वळली.

"नाना, मराठीत आलं. आता खोलीचं काय?"

नाना उठले, पडद्याजवळ आले, आपलं नाव निरखून पाहिलं.

"खोली तं माय, मी मघाशीच मनमा दिन्ही व्हती," ते म्हणाले. (खोली तर मी मघाशीच मनातल्या मनात दिली होती.) "माले भेव एकच व्हतं. आमन्या पोरी हात लावतीन आनि हाई नाजूक वस्तू बिघडी जाई. आते तं त्यासनी ते आतूनच दखी लिधं. भेव कसानं?" (मला भीती एकच होती, आमच्या पोरी हात लावतील आणि ही नाजूक वस्तू बिघडेल. आता तर त्यांनी ते आतूनच पाहून घेतलं. भीती कशाची?) मग मागे वळून मुलींना म्हणाले, "सोमवारपाईन जा बठ्ठ्या." (सोमवारपासून जा सगळ्या.)

संध्या मटकन खाटेवर बसली आणि म्हणाली, "शोभा, मला भरीत वाढ. खूप भूक लागली आहे."

यंत्र परत नेताना दादाने ते आधी जाड चादरीत बांधलं आणि मग कापसात. कापूस सोडायला तो तयार नव्हता. परतीच्या गाडीआधी मी दुकानावर गेले, तर फळ्यावर नवी बातमी होती: "साक्री रस्त्याच्या गावी सोमवारपासून संगणक वर्ग. विद्यार्थिनींनी यंत्र आतून पाहिलेले आहे. ज्या सभासदांनी अजून पाहिलेले नाही, त्यांनी तिकडे जाऊन शिकावे."

पुण्यात केळी वाटून झाली. सगळ्यांनी आवडीने खाल्ली, चिडवूनही घेतलं. मी त्यांना काय सांगणार? आपल्या गावाबद्दल माणूस जे सांगतो ते परक्याला बढाईच वाटतं, आणि मला बढाईच मारायची होती. मग दोन दिवसांनी ऑफिसचा कॉम्प्युटर बंद पडला. फ्लॉपी वाचेना. साहेबांनी मुंबईला फोन लावायला सांगितला, आणि लोकांनी शेंगदाण्याच्या पुड्या सोडल्या. मी काचेच्या खोलीत गेले, वीज बंद केली आणि शिपायाकडे पेचकस मागितला.

साहेब धावत आले. "अहो, झाकण उघडताय? तुम्हाला येतं का हे?"

मी आधी लोखंडाला हात लावला आणि म्हटलं, "आमच्याकडे दहावीच्या पोरींना येतं."